तारेच्या आतला जनरल

आमच्या घरात जनरल थोरातांचं नाव निघालं की वाद ठरलेलाच. एका बाजूला माझे आजोबा, म्हणजे आबा, आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे चुलतभाऊ तात्या. दोघंही पलटणीतून पेन्शनीवर आलेले. आबा मराठ्यांच्या पॅराशूट पलटणीतले, तात्या सप्लायचे ड्रायव्हर. विषय उसाच्या बिलाचा असो की पाटाच्या पाळीचा, सोप्यातल्या कॉटवर दोघं बसले की तासाभरात गाडी थोरातसाहेबांवर यायची.

तात्यांचं पालुपद एकच होतं. "थोरात सरसेनापती झालं असतं तर चीनची छाती न्हवती." मग मेनन, नेहरू, थापर आणि १९६२च्या चीन युद्धात ईशान्येकडची फौज चालवणारे कौल या चौघांचा उद्धार व्हायचा. आबा ऐकून घ्यायचे, तंबाखू मळायचे आणि म्हणायचे, "झालं न्हाईत त्याचं काय घिऊन बसलाईस? मी बघिटल्यालं सांगू का?" मग कोरिया सुरू व्हायचा.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे आमच्या कोल्हापूर भागातले. वडगावचा जन्म, साल १९०६. आमच्या पंचक्रोशीत त्यांना कुणी लेफ्टनंट जनरल वगैरे म्हणत नसे, 'थोरातसाहेब' एवढंच. लहानपणी मला वाटायचं की हे आमचे कुणीतरी लांबचे पाहुणे असावेत, इतकं ते नाव घरातलं होतं.

इंग्लंडातल्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीचं दार हिंदुस्थानी पोरांना पहिलं महायुद्ध संपता संपता किलकिलं झालं. वर्षाला जागा दहा. त्या दहांतही बहुतेक संस्थानिक, सरदार आणि बड्या घरांचा भरणा. तिथून १९२६ साली थोरात अधिकारी होऊन बाहेर पडले आणि १४व्या पंजाब रेजिमेंटमध्ये गेले. मराठा माणूस पंजाब रेजिमेंटमध्ये कसा, हा प्रश्न तात्यांना कायम पडलेला असायचा. कारण सरळ होतं. एखाद्या गोऱ्या सबाल्टर्नला काळ्या अधिकाऱ्याचा हुकूम ऐकायची वेळ येऊ नये, म्हणून इंग्रजांनी मोजून आठ तुकड्या हिंदी अधिकाऱ्यांसाठी बाजूला काढल्या होत्या आणि त्यात या रेजिमेंटची पहिली पलटण होती. एक गंमत अशी, की याच रेजिमेंटमधून पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयुब खान आले, पहिली आझाद हिंद सेना उभी करणारे मोहन सिंग आले आणि लाल किल्ल्यातल्या खटल्यात उभे राहिलेले शाहनवाज खानही आले. एका मेसमध्ये जेवलेली माणसं किती वाटांनी जावीत!

ब्रह्मदेशातल्या लढाईबद्दल आबा-तात्यांना ऐकीव तेवढंच ठाऊक होतं. पण ऐकीव गोष्टीचं एक असतं, तिच्यातला आकडा बदलतो, गाभा टिकतो. आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ नावाचं गाव आहे. जानेवारी १९४५ मध्ये तिथून माघार घेणाऱ्या जपान्यांचा रस्ता तोडायचा होता. ५१व्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या आणि तिन्हींचे कमांडर हिंदी: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. हिंदी माणूस कंपनी चालवील, पण पलटण लढवील का, अशी शंका तेव्हा इंग्रजी मेसमध्ये उघडपणे बोलली जाई. थोरातांच्या २/२ पंजाबने जानेवारीच्या अखेरीला 'मेलरोझ' असं नाव दिलेली टेकडी संगिनी लावून घेतली. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. तात्या ही गोष्ट सांगताना टेकडीचा पन्हाळा करून टाकायचे. माणसं किती पडली, दारूगोळा किती लागला, याचा त्यांचा हिशोब दर दिवाळीला वाढलेला असायचा.

आबांची गोष्ट मात्र कधी वाढली नाही. मला तिचं नवल वाटतं ते त्यासाठीच.

२७ जुलै १९५३ रोजी कोरियात तह झाला, पण कैद्यांचं घोडं अडलं. संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या चिनी आणि उत्तर कोरियन कैद्यांपैकी बावीस हजारांच्या वर कैदी परत जायला तयार नव्हते. त्यांना खरंच जायचं नाही की त्यांच्यावर कुणाची दहशत आहे, हे बघायला पाच देशांचा तटस्थ आयोग नेमला. अध्यक्ष भारताचे थिमय्या, आणि कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळायला भारताची फौज, जिचे कमांडर मेजर जनरल थोरात. कांगॉचे दोन सोबती आठ वर्षांनी पुन्हा एकत्र आले, पण या वेळी काम लढाईचं नव्हतं.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारतीय फौज डोळ्यांसमोर नको होती. आपल्या भूमीवर भारतीय पाऊल पडू देणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हा इंचॉनला जहाजातून आलेली माणसं अमेरिकन हेलिकॉप्टरांनी उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन ठेवली. आबा विमानातून उड्या मारलेले, पण हेलिकॉप्टरचा पहिला अनुभव त्यांना मानवला नव्हता. "विमानातनं उडी मारायची तर खाली बघून मारता येतीया. ह्ये आपलं जागच्या जागी थरथरतंय." भारतीय तळाचं नाव 'हिंद नगर' ठेवलं होतं. नावापेक्षा आबांना तिथली थंडी जास्त आठवायची. पाण्याची बाटली रात्री उशाला ठेवली तर सकाळी आत बर्फ खुळखुळायचा, आणि बंदुकीच्या लोखंडाला उघड्या हाताने शिवायचं नाही, कातडं चिकटतं, असा हुकूम होता.

बंदुकीचा उपयोगही फारसा नव्हता. तारेच्या आत, कैद्यांच्या कंपाउंडमध्ये, जवान बिनहत्यारी जायचे. फार तर हातात काठी. एकेका कंपाउंडात पाचशेच्या आसपास माणसं. त्यांचे पुढारी त्यांनीच केलेले, आणि ते पुढारी पक्के कम्युनिस्टविरोधी. रात्रभर ढोल, घोषणा, झेंडे. ज्याला गुपचूप घरी जायचं असे, त्याने एकच करायचं, संधी साधून तारेवर चढायचं आणि भारतीय पहारेकऱ्याच्या अंगावर येऊन पडायचं. आबांच्या पाळीत असा एकजण आला होता. हाताचे तळवे तारेने फाटलेले, आणि पलीकडे शेकडो लोक त्याच्या नावाने ओरडतायत. आबा म्हणायचे, "त्ये पोरगं माझ्या बूटाला मिठी मारून बसलं. मला त्याची भाषा कळंना, त्याला माझी कळंना. पर त्याला घराकडं जायाचंय एवढं कळलं."

सप्टेंबरच्या २५ तारखेला असाच एक कैदी पळून आल्याचं निमित्त झालं. चिनी कंपाउंडातल्या लोकांनी तो परत मागितला, आणि चर्चेला आत गेलेल्या मेजर ग्रेवालना धरून ठेवलं. बाहेर भारतीय जवान खवळलेले. आपला अधिकारी आत, आणि आपण तारेबाहेर बंदुका घेऊन उभे. गोळी चालवली तर मेजर जिवंत सापडत नाही. शिवाय पन्नास कंपाउंडांत वणवा पेटतो, आयोगाचं दुकान दुसऱ्या दिवशी बंद होतं आणि तह मोडला तर पुढचं काही सांगता येत नाही. न चालवावी तर आपल्याच जवानांच्या नजरेतून उतरायचं.

थोरात आत गेले. हत्याराशिवाय.

इथपर्यंत सगळं नोंदलेलं आहे. पुढे आबांची कथा आणि त्यांच्या पलटणीतल्या मित्राची कथा वेगळी व्हायची. आबा म्हणायचे की साहेबांनी गर्दीच्या मध्ये उभं राहून शांतपणे सिगारेट पेटवली आणि पाकीट पुढाऱ्यापुढं धरलं. मित्राचं म्हणणं असं की सिगारेट नव्हे, चहा. मी तुमच्या घरी पाहुणा आलोय आणि तुम्ही साधा चहासुद्धा विचारत नाही, असं साहेबांनी दुभाष्याकरवी म्हटलं आणि त्यावर पुढे उभे असलेले दोघं-तिघं हसले. या चहा-सिगारेटीवरून ते दोघं एकदा लग्नाच्या पंगतीत इतके भांडले की वाढपी बुंदी घेऊन तसाच उभा. दोघांपैकी कुणीही तारेच्या आत नव्हतं. पण एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं, की माणसं हसली आणि तिथंच रंग पालटला. मेजर ग्रेवाल साहेबांबरोबर बाहेर आले.

मला त्या गोष्टीतला सर्वांत दांडगा भाग पुढाऱ्यापुढचा प्रसंग वाटत नाही, तो तारेबाहेरचा वाटतो. आबा सांगायचे की साहेब आत असताना बाहेरच्यांना हुकूम होता, काहीही दिसलं तरी आपल्या मनाने कुणी काही करायचं नाही. शिपाईगिरीत उलटं शिकवतात. हाताशी हत्यार असताना, समोर आपल्या माणसाला दाबून धरलेलं असताना गप्प उभं राहायचं, आणि तेही शेकडो जणांनी एकदम. हे आयत्या वेळच्या हुकुमाने होत नाही. त्यासाठी त्या माणसांचा वर कुणावर तरी भरवसा लागतो.

गोळी कधीच चालली नाही असं नव्हे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपाउंडं बिथरली, कैदी तारेवर धावून आले, तेव्हा भारतीय जवानांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. आबा त्यावर कधी फार बोलले नाहीत. 'झालं तसं' म्हणून पुढं जायचे. आमच्या गावच्या शौर्यकथांत हा भाग येत नाही. तो यायला हवा असं माझं मत आहे, कारण त्याशिवाय बाकीचं संयम-बिंयम पुस्तकी होऊन जातं.

पुढं समजावणीचे तंबू लागले. कैद्याला एका दारातून आत आणायचं, त्याच्या देशाचे प्रतिनिधी त्याला परत चल म्हणून समजावणार, आणि मग समोर दोन दारं. एकातून गेला तर घरी, दुसऱ्यातून गेला तर परत कंपाउंडात. आबा या तंबूत पहाऱ्याला असत. बहुतेक कैदी आत आल्या आल्या शिव्या द्यायचे, काहींना चौघांनी धरून बसवावं लागे. एखादा मात्र बराच वेळ मान खाली घालून बसायचा. त्याच्या मागे उभं राहून आबा मनात म्हणायचे, जा बाबा, कुठल्या तरी दारानं जा, पण जा. नव्वद दिवसांची मुदत डिसेंबरात संपली. समजावणी फार थोड्यांची झाली आणि परत गेले ते त्याहून थोडे. जानेवारी १९५४ मध्ये उरलेल्यांना सोडून देण्यात आलं. ऐंशीच्या वर कैद्यांना ना उत्तर हवी होती ना दक्षिण, ना चीन ना फॉर्मोसा, म्हणजे तैवान. ते भारतीय फौजेबरोबर जहाजाने मद्रासला उतरले. थोरातांना कोरियातल्या धाडसाबद्दल अशोक चक्र, वर्ग दोन मिळालं. आज त्याला कीर्ती चक्र म्हणतात.

आबांना तिथून एक वस्तू मिळालेली. अमेरिकन शिध्याच्या पत्र्याच्या डब्यातून एका कैद्याने ठोकून ठोकून केलेली सिगारेटची डबी. झाकणावर बगळ्यासारखा पक्षी, एक पाय वर. आबा तिच्यात चुना ठेवायचे. आजीने ती दोनदा भंगारात घातली होती आणि दोन्ही वेळा आबांनी भंगारवाल्याला गल्लीच्या टोकाला गाठून परत आणली.

तात्यांचा थोरात वेगळा होता, आणि तात्यांना तो जसा दिसला त्यालाही कारण होतं.

१९५७ पासून थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. तेव्हा मुख्यालय लखनौला. ऑगस्ट १९५९ मध्ये सरहद्दीवरच्या लोंगजूला चिन्यांशी चकमक झाली, आणि त्याच वर्षाअखेर नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाची, सरहद्द लष्कराच्या गळ्यात पडली. तोवर तिथं आसाम रायफल्सची विरळ ठाणी होती. थोरातांनी ऑक्टोबर १९५९ मध्येच दिल्लीला एक टिपण पाठवलं होतं. त्याचा मथितार्थ असा, की चीनकडून धोका आहे, आणि मॅकमहोन रेषेवरच चिकटून बसलो तर मार खाऊ. सरहद्दीवर हलकी ठाणी ठेवा, ती फक्त खबर देतील. खरी लढाई मागे, जिथं आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते, तिथं द्यायची. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे 'लाल किला' नावाचा सराव घेतला. त्यात शत्रू कुठून येईल, कुठली ठाणी आधी पडतील याचा अदमास मांडला, आणि हातात असलेलं सैन्य व साधनं पुरणार नाहीत हेही. तेव्हा सरसेनापती असलेल्या थिमय्यांनी थोरातांचं म्हणणं संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवलं. मेनन यांना ते नसती भीती घालणारं वाटलं.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारने थापरांना नेमलं आणि थोरात निवृत्त झाले. आमच्याकडे सांगितलं जातं की थोरातांना डावलून कुणालातरी खालून वर आणलं. तसं नव्हतं. थापर हे ज्येष्ठतेत थोरातांच्या थोडे पुढेच होते. सरकारला ज्येष्ठतेची ढाल मिळाली आणि नको असलेला माणूस आपोआप टळला, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल. तात्यांना मी हे एकदा समजावलं. त्यांनी ऐकलं, आणि पुढच्या रविवारी गोष्ट पुन्हा जशीच्या तशी सांगितली.

ऑक्टोबर १९६२ मध्ये तात्या तेजपूरला होते. फूटहिल्सपासून वर बोमडिला, दिरांग, से ला असा रस्ता, म्हणजे डोंगराला ओरखडा काढावा तसा. वरच्या अंगाला थ्री-टन गाडी वळणच घ्यायची नाही, एकाच वळणावर तीनदा मागंपुढं करावी लागायची आणि मागचं चाक अर्धं दरीत. म्हणून वन-टन गाड्या. त्यात माल तो किती मावणार! तात्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सर्वांत अचूक वाक्य हे, "मी एका खेपंत जेवढं वर न्हेतोय, तेवढं वरची माणसं मी खाली येस्तवर खाऊन बसत्यात. मग गोळ्या कवा न्ह्यायच्या?" २० ऑक्टोबरला नामका चू नदीवर हल्ला झाला. तिथली ब्रिगेड आपल्याच जॉन दळवींची. ते चिन्यांच्या हाती लागले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला आणि बोमडिलाही गेलं. तेजपूर रिकामं होऊ लागलं, बँकेत नोटा जाळल्या, वेड्यांच्या इस्पितळाची दारं उघडून दिली. तात्या रिकामी गाडी घेऊन ब्रह्मपुत्रेच्या काठी लोकांच्या लोंढ्यात अडकले होते. कुणी पळून चाललंय, कुणी तुळशीचं रोप घेऊन चाललंय, आणि लष्करी गाडी बघून लोक विचारतायत, आता काय? तात्यांकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, त्या काठावर तात्यांनी जे ऐकलं त्याचं उत्तर ते जन्मभर 'थोरात असते तर' या तीन शब्दांत देत राहिले.

थोरात असते तर खरंच काय झालं असतं? मला तात्यांइतकी खात्री नाही. सरसेनापती बदलून डोंगरात रस्ता होत नाही. मेनन मंत्री राहिलेच असते. नोव्हेंबर १९६१ मध्ये पुढे पुढे चौक्या टाकायचं धोरण ठरलं, ते एकट्या लष्कराच्या मुख्यालयात ठरलेलं नव्हतं. थिमय्यांनी १९५९ मध्ये राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या शब्दाखातर मागे घेतला होता. तेव्हा चांगला माणूस वर बसला की सगळं सुरळीत होतं, या समजाला त्याच काळात तडा गेलेला होता. पण एक मी मान्य करतो. ज्याने मागे कुठं उभं राहायचं हे कागदावर आखून दिलं होतं, त्याने ऑक्टोबरच्या थंडीत सुती कपड्यांतली माणसं नामका चूच्या तळाला सुखासुखी उतरवली नसती. निदान लेखी विरोध तरी ठेवला असता.

पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. थोरातांनी आठवणींत लिहिलंय त्याप्रमाणे, टिपण बघून नेहरूंनी विचारलं की हे मला का दाखवलं नाही, आणि थोरातांनी ते मेनन यांनाच विचारावं असं सुचवलं. तोवर मेनन मंत्रिमंडळातून गेले होते, यशवंतराव चव्हाण दिल्लीला निघाले होते आणि महाराष्ट्र त्या आनंदात होता. थिमय्यांबरोबर थोरातांनाही राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतलं. सल्ला विचारायला लोक आले, पण ज्या वर्षी विचारायला हवा होता त्याच्यानंतर.

एक गोष्ट मला आमच्या गावाची खटकते. थोरातांचं नाव निघालं की आम्ही त्यांना न मिळालेल्या खुर्चीवर बोलतो. १० ऑगस्ट १९९२ ला ते गेले तेव्हाही पारावर तीच चर्चा, अन्याय झाला, अन्याय झाला. त्या अन्यायाने माणूस उगाच बारीक होतो. जवळजवळ पस्तीस वर्षांची नोकरी आणि आपण एका बढतीच्या फायलीवर अडलेलो. आबांनी तारेबाहेर उभं राहून पाहिलेला माणूस मला त्याहून बराच मोठा वाटतो.

'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' हे त्यांचं आत्मचरित्र १९८६ मध्ये आलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. इंग्रजी पुस्तक, म्हणून दोघा म्हाताऱ्यांसाठी मी संध्याकाळी ते मराठीत सांगत असे. कोरियाच्या वेळी आबा चष्मा काढून बसले आणि मध्ये एकदाही बोलले नाहीत. नेफाच्या भागाला आलो तसे तात्या कॉटवरून उठून माझ्या शेजारी, पुस्तकात डोकावायला. सैन्य किती लागेल, कुठं थांबायचं, रसदीचं काय, हे मी सांगत होतो आणि ते दर वाक्याला मान डोलवत होते. रसदीवर आल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. साहेबांनी ह्यो हिशोब थ्री-टनाचा धरलाय का वन-टनाचा?"

मी पान मागे उलटू लागलो.

"लिवताना तुला इच्यारायचं ऱ्हायलं बघ त्यांचं," आबा कॉटवरूनच म्हणाले. "तू म्होरं वाच रं."

"म्होरं न्हाई," तात्या म्हणाले, "आदी गाडी सांग."